दारापुढं पडंल ते दाराचं

"बी घराबाहेर जात न्हाई," नेद्यालका म्हणाली.

"मग लीद बी घराबाहेर जायची न्हाई," त्सेना म्हणाली आणि कुंपणावरून मान काढून घेतली.

भांडण एवढंच झालं. गोर्ना लिपित्सा गावात यापेक्षा मोठमोठी भांडणं होऊन गेली होती. एकदा शेळीवरून दोन भाऊ वेगळे झाले होते. पण ती भांडणं राकिया दारूच्या दुसऱ्या पेल्याला मिटायची. हे मिटलं नाही, कारण दोघींनाही राकिया आवडत नव्हती.

त्सेना ही शेजारच्या रादोयची दुसरी बायको. पहिली वारल्यावर त्यानं हिला वरच्या डोंगरातून करून आणली. डोंगरात बटाटा पिकतो आणि सरळ बोलतात. इथं खाली मिरची पिकते. लांबट, जाड सालीची, गोड लाल मिरची, आणि तीतही नेद्यालकाची शिंगी मिरची. बैलाच्या शिंगासारखी वाकडी, निखाऱ्यावर भाजली की गल्लीभर वास. ते बी नेद्यालकाच्या सासूकडून आलेलं. गावात दुसऱ्या कुणाकडं ते उरलं नव्हतं. लोकांनी बाजारातली रोपं आणायला सुरुवात केली होती, आणि बाजारातली मिरची बघायला सरळ असली तरी चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागे, हे आणणारेच सांगत.

त्या उन्हाळ्यात गारा पडल्या. नेद्यालकाच्या वाफ्यातली मिरची फुटली, कुजली. पाल्याखाली लपलेल्या मोजक्याच वाचल्या. त्या तिनं दोऱ्यात ओवल्या आणि ओसरीच्या खांबाला बाहेरच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा टांगल्या. तेवढंच बी उरलं होतं. ते उगवलं तर शिंगी मिरची जगणार होती, नाही तर सासूच्या मागोमाग तीही स्मशानात जाणार होती.

बी उगवायला ऊब लागते. थंडी सरायच्या आत पेरावं लागतं, तरच उन्हाळा सरायच्या आत मिरची लाल होते. म्हणून तिकडं उबेचा वाफा करतात. गुडघाभर खड्डा, त्यात घोड्याची ताजी लीद आणि पेंढा तुडवून भरायचा, वर वीतभर माती, त्यावर जुन्या खिडकीची काच. लीद आतून तापते आणि बाहेर बर्फ असला तरी बी समजतं की वसंत आला. गाईचं शेण त्याला चालत नाही. गाईचं शेण थंड, वाफा भरल्यावर गाईसारखंच शांत बसून राहतं. घोड्याचीच लीद हवी, आणि गावात घोडी एकच उरली होती. रादोयची करडी सिवा.

नेद्यालकाचा नवरा गेल्यापासून रादोय दर हिवाळ्यात तिच्या अंगणात लिदेची गाडी ओतायचा. वैशाखाच्या सुमाराला ती त्याला टोपलीभर रोपं द्यायची. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. बोलायची रीतच नव्हती. रोपाला आणि खताला 'उपकार झाले' म्हटलं की रोप जळतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण टोपलीतली रोपं त्सेनाला पुरेनात. तिला स्वतःचं बी हवं होतं. तिनं मागितलं. तिच्या डोंगरात मागितलं की देतात.

आणि नेद्यालका 'न्हाई' म्हणाली.

आता गाडी येणार नव्हती. नेद्यालकाकडं ना जनावर ना पैका, पण डोकं होतं. आणि गावाचा एक जुना कायदा होता, कुठं लिहिलेला नव्हता म्हणून कुणी मोडत नव्हतं: दारापुढं पडंल ते दाराचं. रस्त्यानं जाणाऱ्या जनावरानं ज्याच्या फाटकासमोर टाकलं, ते त्याचं. मालकानं मागं वळून बघायचं नाही.

हिवाळ्यात सिवा तबेल्यातच असे. पण सकाळी पाणी प्यायला तिला गल्लीच्या खालच्या टोकाला, पाणवठ्यावर न्यावं लागे, आणि वाटेत नेद्यालकाचं फाटक. घोडी तिथून सरळ निघून जायची. तिला थांबवायला कारण हवं होतं.

नेद्यालकानं मूठभर जाडं मीठ ओलं केलं आणि फाटकाच्या लाकडी खांबावर चोळलं.

पहिल्या दिवशीच सिवा थांबली. मान लांब केली, खांब चाटायला लागली आणि चाटता चाटता शेपटी वर केली. नेद्यालका पडद्याआडून बघत होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. कारण मीठ तिनं वरच्या खांबाला लावलं होतं, रादोयच्या बाजूच्या. घोडीचं तोंड नेद्यालकाच्या खांबाशी, पण घोडीला लांबी असते. मागचं अंग रादोयच्या भिंतीसमोर. त्सेना घमेलं घेऊन आली, सगळं भरून घेऊन गेली आणि जाताना खांबाकडं समाधानानं बघितलं.

ही चूक आठवडाभर चालली, कारण मीठ लाकडात मुरलं होतं. नेद्यालकानं गरम पाण्यानं खांब धुतला, राखेनं घासला, आणि मग खालच्या खांबाला मीठ लावलं. आता घोडी दोन पावलं पुढं येऊन थांबे. तोंड खालच्या खांबाशी आणि शेपटी बरोबर फाटकाच्या मधोमध. येताना तिला गवताची घाई असे, थांबत नसे. पण जाताना रोज.

नेद्यालका रोज फावडं घेऊन बाहेर यायची. लीद गोळा करून खोपटात पेंढ्याखाली घट्ट दाबून ठेवायची, म्हणजे वेळेआधी तापू नये. ढीग वाढत होता, पण सावकाश. एका घोडीच्या एका वेळच्या कृपेवर वाफा भरायचा म्हणजे चमच्यानं विहीर भरण्यातला प्रकार.

रादोय हा मुळात शांत माणूस. पण आपली घोडी रोज एकाच दारात मोकळी होते हे शांत माणसालाही दिसतं. त्यानं गाऱ्हाणं दुकानापुढच्या बाकावर नेलं. त्या बाकावर म्हातारी माणसं बसत आणि गावचा न्याय तिथंच होई, कारण दुसरं कुणी करायला मोकळं नव्हतं.

"घोडी माजी, चारा माजा," रादोय म्हणाला. "आन लीद नेद्यालकाची. ह्यो कुटला न्याय?"

"कुटं टाकली?" मिंचो आजानं विचारलं. तो बाकावरचा सगळ्यात म्हातारा.

"तिच्या दारात."

"पुरी घोडी तिच्या दारात हुती का आर्दी?"

रादोयनं आठवून बघितलं. "फुडलं पाय खालच्या खांबाला टेकल्यालं आसत्यात."

"फुडच्या पायांचं कोन इचारतंय. मागलं?"

"मागलं तिच्या दारात."

मिंचो आजानं काठी दोनदा बर्फात टोचली. "तोंडानं खातंय ते मालकाचं," तो म्हणाला. "मागनं पडतंय ते जागेचं. घोडी दुसऱ्या वाटंनं ने."

सगळ्यांनी माना हलवल्या. निकाल चांगला होता.

रादोयनं घोडी मागच्या वाटेनं नेऊन बघितली. सिवा आपल्या फाटकातून बाहेर पडली, मागच्या वाटेकडं बघितलं आणि उभी राहिली. त्यानं ओढलं. ती उभीच. त्यानं शिव्या दिल्या. तिनं कान मागं टाकले. शेवटी ती पुढच्या वाटेनं चालायला लागली आणि रादोय दोरीच्या टोकाला धरून मागून गेला. बघणाऱ्याला कळेना की पाण्यावर कोण कुणाला नेतंय.

त्या दिवशी धुकं होतं. घोडी खांब चाटत होती आणि रादोय तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. खांबाला बोट लावलं. बोटाचा वास घेतला. बोटानं समजेना. तेव्हा त्यानं टोपी काढली, वाकला आणि घोडीच्या शेजारी उभं राहून खांब चाटला.

नेद्यालका पडद्याआड होती, ते ठीक. पण पेना दुकानवाली पावाची टोपली घेऊन धुक्यातून येत होती. ती थांबली. तिनं टोपली खाली ठेवली, कारण असं काही बघताना हातात ओझं नसलेलं बरं.

"रादोय," ती म्हणाली, "दुकानात आजून खायाला मिळतंय बरं का."

रादोयनं टोपी घातली. बोलायला त्याच्याकडं एकच वाक्य होतं, 'खांबाला मीठ हाय', आणि ते कसं कळलं हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याचा उपयोग नव्हता.

दुपारपर्यंत गावाला कळलं की रादोय विधवेच्या दाराचा खांब चाटतो. बाकावर त्याला जागा करून देताना लोक विचारत, "वल्लं लागतंय का सुकं?" मिंचो आजा म्हणाला, घोडीला लागलेली सवय माणसाला लागली तर माणसाला बांधायचं कुठं, हा मुद्दा त्याच्या निकालात आला नव्हता. रादोय बाकावर बसायचा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्सेना आली. कुंपणावरून नाही, फाटकातून. हात कमरेवर.

"काकी, माझा नवरा तुमचा खांब का चाटतोय?"

"घोडीला इचार. तीच शिकवती त्याला."

"मीठ लावलंय तुम्ही."

"माजा खांब, माजं मीठ."

त्सेना पायरीवर बसली. ती भांडायला आली होती, पण भांडताना उभं राहायची तिला सवय नव्हती. "सरळ सांगते काकी. मिठाचा त्याला त्रास, लिदीचा तुम्हाला. मला काय पाहिजे? वंजळभरबी न्हाई, चिमूटभर बी. मी पैसं देते. लोकर देते. तुम्ही का देत न्हाई?"

नेद्यालकानं तिच्याकडं बघितलं. इतके दिवस तिला वाटत होतं की ही बाई उद्धट आहे. आता वाटलं, हिला खरंच माहीत नाही. आणि हे सांगायचं कसं? दिलेलं बी रुजत नाही. विकलेलं बी तर फुटतच नाही. बी चोरलेलं असावं लागतं, तेव्हाच ते नव्या घरात जीव धरतं. नेद्यालकानं स्वतः सासूच्या पदरातून चोरलं होतं, आणि सासू तेव्हा डोळे मिटून घोरत होती, दुपारी, उभ्यानं. 'बी घराबाहेर जात न्हाई' म्हणजे 'घेऊन जा', हे खालच्या गावांत सगळ्या बायकांना कळतं. पण 'चोर' असं तोंडानं म्हटलं तर ती चोरी राहत नाही. ते देणंच झालं. म्हणून तर तिनं माळ बाहेरच्या खांबाला टांगली होती. सगळा हिवाळा ती तिथंच होती आणि कुणी हात लावला नव्हता. नेद्यालकाला त्याचा राग आला होता.

"ती माळ बघितलीस?" तिनं विचारलं.

"बघितली. उघड्यावर हाय. आत घ्या काकी, कुणीतरी न्हील."

"आजवर तर कुनी न्हेली न्हाई."

"नशीब चांगलं तुमचं."

नेद्यालकानं उसासा टाकला. "येत्या शनवारी मेलेल्यांचा दिस हाय. मी स्मशानात जानार. गहू शिजवून न्ह्यायचा, दारू शिंपायची, वाटायचं. लई येळ लागतो मला. पाय दुखत्यात."

"मग?"

"घरी कुनी नसतंय. कुत्रं मेलं. फाटकाची कडी मोडलीया."

त्सेनाचा चेहरा मऊ झाला. "काळजी करू नका काकी," ती म्हणाली. "भांडण भांडणाच्या जागी. मी येऊन राखण करीन."

"नको," नेद्यालका म्हणाली. "राखन तेवढी करू नको."

"अवो, त्यात काय. मी बसते हितंच पायरीवर."

"अगं बाई, नको म्हंते ना."

त्सेना गेली ती बिचारी गोंधळून. नेद्यालका घोंगडी वाळत घालायला अंगणात गेली, तर कुंपणापलीकडून आवाज येत होते.

"म्हातारीला भ्रम झालाय," त्सेना सांगत होती. "कडी मोडली म्हणती आन राखण नको म्हणती."

रादोय म्हणाला, "माळंचं काय म्हनली?"

"कुणी न्हेत न्हाई म्हणली. रागानं म्हणली."

रादोयचा आवाज, दमलेला, जसा खांब चाटल्यापासून झाला होता तसा. "अगं, ती तुला—"

नेद्यालकानं घोंगडी टाकली आणि दोन्ही हातांनी कान दाबले. पुढचं तिनं ऐकलं असतं तर सगळं पाण्यात गेलं असतं. कान दाबून ती घरात गेली, दार पायानं लोटलं, आणि बराच वेळ तशीच चुलीपुढं बसून राहिली.

शनिवारी ती स्मशानात गेली. शिजवलेला गहू, त्यावर साखर, पाव, बाटलीत लाल दारू. नवऱ्याच्या थडग्यावरचं बर्फ हातानं झाडलं, मेणबत्ती लावली, दारू शिंपली. गावातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्सेना नव्हती.

"तुजी शेजारीन दिसत न्हाई," पेना म्हणाली.

"तिची मेल्याली मानसं डोंगरात हायीत," नेद्यालका म्हणाली.

सगळ्या निघाल्या तरी ती थांबली. पाय गारठले. नवऱ्याला सगळं सांगून झालं, त्याचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. मग सासूच्या थडग्याशी गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही त्या दिशी झोपला नव्हता, मला ठावं हाय." मेणबत्ती विझेपर्यंत उभी राहिली, म्हणजे उगाच लवकर घरी जाणं नको.

परत आली तेव्हा बर्फात फाटकापासून ओसरीपर्यंत पावलं उमटली होती. जाताना हळूहळू, येताना पळत. माळेतली एक मिरची कमी होती. मधली, सगळ्यात मोठी. चोरीला अक्कल होती म्हणायची.

पण ओसरीच्या खांबाच्या पायथ्याशी फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. नेद्यालकानं सोडून बघितलं. जाडं मीठ.

डोंगरातली बाई. फुकट घेणं जमलं नाही तिला, किंमत ठेवून गेली. म्हणजे ही चोरी नव्हे, ही खरेदी झाली. विकलेलं बी फुटत नाही.

ती मीठ हातात घेऊन उभी राहिली. परत द्यावं तर बोलावं लागेल. ठेवून घ्यावं तर व्यवहार झाला. शेवटी ती फाटकाशी गेली आणि सगळं मीठ ओलं करून खालच्या खांबाला थापलं. मीठ घोडीचं झालं. घोडी रादोयची. म्हणजे मीठ ज्याचं त्याच्या घरी गेलं. नेद्यालकानं हिशेब उलटसुलट करून बघितला. बसत होता.

त्यानंतर तिनं वाफा भरला. जमवलेली लीद पेंढ्यात मिसळली, गरम पाणी शिंपडलं, अनवाणी तुडवली. खड्डा अर्ध्याच्या थोडा वर भरला. वर माती, माळेतल्या बाकी सगळ्या मिरच्यांचं बी, वर काच. हात घातला की आतून ऊब येत होती. थोड्या दिवसांनी मातीतून पांढरी, वाकलेली मान दिसायला लागली. एक, मग ओळच्या ओळ.

तेव्हाच थंडी पुन्हा उलटून आली. डोंगरावरून वारा सुटला आणि बादलीतलं पाणी दगड झालं. नेद्यालकानं मातीत हात घातला. कोमट. दुसऱ्या दिवशी घातला, तर कोमटही म्हणवेना. अर्ध्या खड्ड्याची ऊब अर्धीच असते. तिनं काचेवर गोधडी टाकली, गोधडीवर नवऱ्याचा कोट, कोटावर घरातलं जे सापडलं ते. सकाळी कोटाच्या बाह्या ताठ झाल्या होत्या. काचेखाली रोपं अजून उभी होती, पण आता किती वेळ ते तिला दिसत होतं. लिदीचा एक कण घरात नव्हता, आणि बीही नव्हतं.

ती काचेपाशी गुडघ्यावर बसली होती तेव्हा फाटकाबाहेर मोठा धपका ऐकू आला.

ती उठून गेली. फाटक उघडेना, पलीकडून काहीतरी टेकलं होतं. जोर लावून फटीतून बघितलं. फाटकापुढं लिदीचा ढीग, छातीएवढा, आणि त्यातून वाफ निघत होती, जणू गल्लीत कुणी हंडा चढवला आहे. ढिगापलीकडं रिकामी गाडी, गाडीला सिवा जुंपलेली, आणि शेजारी फावडं घेतलेला रादोय.

"गाडी उलटली," रादोय म्हणाला.

नेद्यालकानं गाडीकडं बघितलं. गाडी चारी चाकांवर उभी होती. रस्त्याकडं बघितलं. रस्ता परातीसारखा सपाट होता.

"दगड लागला आसंल," ती म्हणाली.

"आसंल."

"बर्फाखालचा दिसत न्हाई."

"न्हाई दिसत." त्यानं फावडं गाडीत टाकलं. "आता हे परत भरायला माज्यात जोर न्हाई. आन तसंबी दारापुढं पडलंय."

कुंपणापलीकडं त्सेनाच्या अंगणातूनही वाफ दिसत होती. तिथंही एक काच नवी बसवली होती. त्सेना काचेवर वाकली होती आणि मुद्दाम इकडं बघत नव्हती. ती शिकत होती.

नेद्यालकाच्या घशापर्यंत एक शब्द आला. तो तिनं गिळला, कारण तो बाहेर पडला असता तर गाडीभर लीद थंड झाली असती. तिला दुसरं काहीतरी बोलणं भाग होतं.

"ही काय गाडी हाकायची रीत झाली?" ती म्हणाली. "समदा रस्ता घान केलास. आता म्हातारीनं हे उचलायचं."

रादोयचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. "व्हय काकी," तो म्हणाला. "चुकलंच."

"फुडच्या येळंला दगड बघून हाक."

"दगड हाय तितंच ऱ्हानार हाय," रादोय म्हणाला. "दर हिवाळ्याला." आणि त्यानं घोडीला चुचकारलं.

सिवा हलली नाही. तिनं मान लांब करून खालचा खांब गाठला होता आणि शांतपणे, सवडीनं मीठ चाटत होती. रादोयनं दोरी सैल सोडली आणि वाट बघत उभा राहिला. खांबाकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

चाटून झाल्यावर घोडीनं शेपटी वर केली. जागा बरोबर फाटकाच्या मधोमध होती. नेद्यालका फावडं आणायला आत गेली.